काकाकुवाला मालीश

सुरतेजवळच्या बमरोलीच्या चाळीत सरलाबाईला शहाणपण शिकवायला कोणी जात नसे. तीस वर्षं ती तान्ह्या लेकरांना तेल लावत होती, न्हाऊ घालत होती, शेक देत होती. आधी अमळनेरात, मग सुरतेत. मारवाडी, गुजराती, आपले खानदेशी, कितीतरी घरांची लेकरं तिच्या पसरलेल्या पायांवर रडून हसून गेली. एखादी बाळंतीण घाबरत म्हणे, "डॉक्टर तर असं सांगत होते..." की बाई फटकन विचारी, "त्यानं किती लेकरं न्हाऊ घातली गं?" डॉक्टर समोर नसायचा, हे त्याचं नशीब.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर पर्वत पाटियाच्या हंसाबेन रिक्षातून एक मोठा पिंजरा घेऊन तिच्या दारात उतरल्या. आत पांढराशुभ्र काकाकुवा, नाव हीरो. हंसाबेनची लेक चैताली अहमदाबादेत बाळंत व्हायची होती. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केलेला, म्हणून आईच तिकडे निघाली होती.

"सरलाबेन, हीरोने साचवजो, नीट सांभाळा त्याला," हंसाबेन म्हणाल्या. "सव्वा महिना झाला की मायलेकरांना घेऊन येते. मग मालीश तुमचीच."

काय खायला द्यायचं ते त्यांनी सांगितलं आणि त्या गेल्या. सरलाबाईनंही आणखी काही विचारलं नाही. लेकरू सांभाळायचं तर त्यात विचारायचं काय?

पण पाखरू होतं मोठं नवलाचं! कुकरची शिट्टी झाली की डोक्यावरचा पिवळा तुरा फाडकन उभा राही. सरलाबाई भाजी टाकून बघत बसे. शेंगदाणा पायात धरून माणसासारखा खाई, तर तिला वाटलं, बघू तरी कोणत्या पायानं घेतो. उजवीकडून दिला, डाव्यानं घेतला. समोरून दिला, डाव्यानंच घेतला. "अगं बाई, डावखुरा हाये हा!" ती एकटीच ओरडली. त्याची जीभ काळी कुळकुळीत कशी, हेही तिला कोडं पडलं. पण कोडं तिच्यापाशी फार वेळ टिकत नसे. "नजर लागू नये म्हणून देवानं आतून काजळ लावलं," तिनं स्वतःलाच सांगून टाकलं.

एकच गोष्ट मनाला खटकली. रोज सकाळी पिंजऱ्याखाली पांढरं पीठ पडलेलं असे. पत्र्याच्या पेटीवर बोट फिरवलं तर बोट पांढरं. हीरोनं पंख झाडले की घरभर धूळ. शेजारची उषाबाई नाक मुरडून म्हणाली, "कोंडा झाला त्याले. गळून जाईल सगळा."

लोकांची अमानत! मग सरलाबाईनं तेच केलं जे ती कोरड्या पडलेल्या प्रत्येक लेकराला करत आली होती. रविवारी सकाळी वाटीत खोबरेल कोमट केलं, हीरोला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पाठीला, छातीला, पंखांना मस्तपैकी तेल चोळलं. डोक्याला हात नेला तेव्हा त्यानं कडकडून चावा घेतला, म्हणून डोकं तेवढं राहिलं. रक्त आलेलं बोट तोंडात धरून ती म्हणाली, "रड, रड. अंगाला लागलं की झोपशील बरा."

दुपारपर्यंत हीरो थरथर कापू लागला. पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या, मधून गुलाबी कातडी दिसत होती. तो दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात बसला. शेंगदाणा दिला, तर बघितलासुद्धा नाही. सरलाबाई ढोरांच्या डॉक्टरकडे धावत गेली. रविवार, दाराला कुलूप. ती तशीच परत आली आणि पिंजऱ्यापाशी बसली. तिच्या हातात आलेलं लेकरू आजवर असं कधी कापलं नव्हतं.

नवरा भटू दाढी करून आला आणि दारातच थबकला. "हाई काय करी ठेयं वं तू?"

"मी मारलं त्याले," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

भटू पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, पंधरा वर्षं धुलाईवर होता. लूमवरून कोरं कापड येतं ते तेलाचे डाग घेऊनच. ते आधी काढावे लागतात, नाहीतर वर रंग चढत नाही. तो पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला, हीरोला मान तिरपी करून न्याहाळलं आणि म्हणाला, "रेशीम समज. रेशमाला ना कडक साबण, ना उकळतं पाणी. रिठे हायेत का घरात?"

रिठ्याचं पाणी केलं. त्यात कोपर बुडवून बघायचं काम मात्र बाईचं, लेकराच्या आंघोळीसारखंच. भटूनं तोंडाला पाणी लागू न देता, पिसाच्या वळणानं, वरून खाली फक्त हात फिरवला. चोळणं नाही, पिळणं नाही. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. हीरोचा ओरडा अख्ख्या चाळीनं ऐकला.

मग भटूनं कारखान्यातली परीक्षा घेतली. पंख हळूच टिपून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. धुतलेलं कापड थेंब पिऊन टाकतं. थेंब घरंगळला तर तेल बाकी. इथे थेंब घरंगळला.

"नही निंघनं अजून," तो म्हणाला आणि चौथ्यांदा रिठ्याच्या पाण्याकडे वळला.

हीरोचे डोळे मिटत चालले होते. सरलाबाई त्याच्याकडे बघत होती, आणि काय झालं कोण जाणे, तिच्या मनात आलं की हे कापड थोडंच आहे! ज्याला तेल लागलंच नाही त्या डोक्यावर बघू या. तिनं तुऱ्यावर थेंब टाकला. तोही मोत्यासारखा गडगडत गेला.

"थांबा! त्याचं अंगच असं हाये. तेल गेलं कधीच. आता धुवाल तर मरेल तो."

भटूनं स्वतः दोनदा करून बघितलं, तेव्हा कुठे त्याला पटलं. पिंजऱ्यापाशी शंभराचा बल्ब लावला, तीन बाजूंनी चादर टाकली. दोघं जेवणखाण विसरून बसले. दिवेलागणीला पिसं फुलली आणि हीरोनं शेंगदाणा उचलला. चार दिवसांनी पंखांवरून पुन्हा पीठ झडू लागलं. तेव्हा सरलाबाईला उमगलं की तो रोग नव्हताच, पाण्यापासून, थंडीपासून वाचवणारं ते त्याचं स्वतःचं पांघरूण होतं. तेच ती पुसायला निघाली होती.

"हंसाबेनले काही सांगू नको," भटूनं बजावलं. "बाळाची मालीश जाईल हातची."

बाळ सव्वा महिन्याचं झालं, हंसाबेन मायलेकरांना घेऊन परतल्या, तेव्हा ती पिंजरा घेऊन पर्वत पाटियाला गेली. हीरो तुरा उभारून ओरडत होता, पिसं दुधासारखी. तेलाची खूणही दिसत नव्हती. चैताली बाळ घेऊन बसलेली, शेजारी तेलाची वाटी तयार. सरलाबाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

हंसाबेनचा चेहरा लालबुंद झाला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला तेल लावायला?"

"कोणी नाही, बेन. मी कोणाला विचारलंच नाही. लेकरू हातात द्यायच्या आधी तुम्हाला हे माहीत असावं."

मग चैतालीनं उठून बाळ तिच्या हातांत दिलं. सरलाबाई खाली बसली, पाय पसरले, बाळाला त्यावर ठेवलं. सवयीनं हात वाटीकडे गेला आणि मधेच थांबला. तीस वर्षांत कधी न विचारलेलं तिनं विचारलं, "पोरी, ह्याला तेल चालतं का? डॉक्टर काय म्हणाले?"

चैतालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तेलानं त्याच्या अंगावर फोड उठतात, मावशी. दोन महिने थेंबही लावू नका म्हणालेत. मम्मी ऐकत नाही. आणि तुम्हाला कसं सांगू, ह्या विचारानं मला तीन दिवस झोप नाही."

सरलाबाईनं वाटी दूर सरकवली. बाळाची मूठ तिच्या बोटाभोवती मिटली होती.

"मग काय करायचं ते सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग. मी ऐकते."