आर्कोचे बूट

पुढच्या पायात बूट चढवून त्याची पट्टी आवळेपर्यंत आर्कोने मागचा बूट झाडून टाकला होता. उत्कर्षाच्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर ज्याच्या पायांत बूट आहेत, त्या कुत्र्याने आज पहिल्यांदाच बघितल्यासारखं करावं? तेही मक्याच्या शेताच्या बांधावर, विगांडसाहेबांसमोर?

विगांड तिचे शेजारी. जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या त्या गावातले जुने शिकारी, आणि आर्को हा त्यांचा राठ केसांचा शिकारी कुत्रा. नाक तल्लख, पण तळवे लोण्यासारखे मऊ. शरद ऋतूतल्या शिकारीत मक्याच्या धसकटांनी दरवर्षी त्याचे पाय फाटायचे. डॉक्टरांनी बूट सुचवले, पण विगांडांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि आर्को महिनाभर उत्कर्षाकडे राहायला आला. "दिवसभर घरात घालून ठेवा, सवय होईल," विगांड म्हणाले होते. "नाहीच जमलं तर कायमचा पुतण्याकडे पाठवीन. त्याच्याकडची जमीन वाळूची आहे, तिथे बूट लागत नाहीत."

हे ऐकल्यापासून उत्कर्षाला चैन नव्हतं. तीन वर्षं या गावात तिला कुणी धड विचारलं नव्हतं. यशपाल, तिचा नवरा, कंपनीच्या कामासाठी सतत दौऱ्यावर. संध्याकाळी आर्कोला फिरवायला लागल्यापासून लोक थांबून बोलायला लागले, बेकरीतली बाई नावाने हाक मारू लागली. माणसांनी नाही, कुत्र्याने तिला गावात रुजवलं होतं. म्हणून रोज ऑफिसला जाण्याआधी ती चारही बूट नीट चढवायची आणि परत आल्यावर ते पायांत बघून तिला बरं वाटायचं; मग ते काढून ती त्याला गुळगुळीत रस्त्यावर फिरवायला न्यायची.

आणि आज हा असा वागत होता! बूट घातल्यावर दोन पावलं टाकून तो खाली बसला आणि त्याने शहाण्यासारखा एक पाय तिच्यापुढे धरला. मग दुसरा.

"आल्झो, म्हणजे तो काढून मागतोय," विगांड म्हणाले.

उत्कर्षाने वैतागून बूट ओढून काढले. त्याबरोबर आर्को सुटला तो थेट धसकटांत. परत आला तेव्हा शेपटी आनंदाने हलत होती आणि पुढच्या पंजातून रक्त गळत होतं. तो पंजा ओंजळीत धरून ती चिखलात बसली.

"शनिवारी शिकार आहे," विगांड हळूच म्हणाले. "तुम्हीच सांगा, फ्राउ वाघमारे. महिनाभर तुम्हीच सांभाळलंय."

महिनाभर प्रयत्न करूनही जमलं नाही, आता किती हाल करायचे त्याचे?

"पाठवा पुतण्याकडे," ती म्हणाली. विगांडांनी तिथूनच फोन लावला.

पंजा बांधून ती त्याला घेऊन घरी आली. दौऱ्यावरून परतलेला यशपाल चहा करत होता. त्याची आई, लीलाबाई, अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिने दार उघडलं. आर्को पायपुसण्यावर बसला आणि त्याने तिच्यापुढे पाय धरला.

"बघ, किती शहाणा आहे!" लीलाबाई कौतुकाने म्हणाली. "अरे, आत्ता बूटच नाहीत की तुझ्या पायात!"

उत्कर्षा जागच्या जागी थबकली. "आई, तुम्ही याचे बूट काढत होता?"

"मग? बागेत जाऊन आला की काढायचे. घरात कुणी पायताण घालतं का गं? समोर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. तू चिडशील म्हणून तू यायच्या वेळी परत घालून ठेवायचे."

"रोज?"

"रोज. दुसऱ्या दिवसापासून तर स्वतःहून पाय पुढे करायला लागला. इथल्या माणसांना शिकवून कळत नाही, त्याला कळलं."

उत्कर्षा तशीच विगांडांकडे धावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. "सवय लागायला महिना लागतो," ते म्हणाले. "शनिवारी तो अनवाणीच धावेल, आणि मी त्याला थांबवू शकणार नाही. तुम्ही बरोबर ठरवलंत." ते खरंच होतं, आणि म्हणून तिला आणखीच चीड आली. पुतण्या निघालाही होता.

संध्याकाळी गाडी आली. आर्को आनंदाने उडी मारून मागे बसला. त्याला शिकारीला जायचंय असंच वाटलं असणार. गाडी वळणाआड गेली तेव्हा लीलाबाईने पदराने डोळे टिपले. आता तिला सगळं कळलं होतं.

"उत्कर्षा, मी काढले नसते, तर राहिला असता का गं तो?"

यशपालने उत्कर्षाकडे बघून नकारार्थी मान हलवली. नाही म्हण, एवढंच त्याला सांगायचं होतं. सहा वर्षांच्या संसारात तिने सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि समजुतीचं वाक्य आत्ताही तिच्या ओठांवर होतं.

"हो, आई," ती म्हणाली. "राहिला असता."