चाळीस सेकंदांची चार मिनिटे

मी एक जुने स्टॉपवॉच आहे, मित्रांनो. तडा काचेला गेला आहे, चालीला नाही! हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा माझ्या चालीवरच संशय घेतला गेला होता.

एका कारागिराने डोळ्याला भिंग लावून माझी स्प्रिंग बसवली आणि मी या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले. प्रयोगशाळेचे काका मला रोज सकाळी किल्ली देत आणि म्हणत, "चल पठ्ठ्या, लाग कामाला!"

संशोधन करणाऱ्या ताई तेव्हा एका प्रश्नामागे हात धुऊन लागल्या होत्या. धातूचे ऑक्साइड अल्कोहोलमधला हायड्रोजन काढून घेते, त्यात सगळ्यात वेळखाऊ पायरी कोणती? क्रोमियमच्या ऑक्साइडचे नारिंगी द्रावण अल्कोहोलमध्ये पडले, की त्या माझे बटण दाबत. नारिंगी जाऊन हिरवा रंग आला, की पुन्हा टक! दरवेळी चाळीस सेकंद. मोठे सर म्हणत, "घड्याळ असावं तर असं." मी आपले फुगून जाई.

एके दिवशी ताईंनी नवी कुपी उघडली. अल्कोहोल तेच, पण मोक्याच्या जागी साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ बसवलेला. ती कुपी मिळवायला त्यांना वर्ष लागले होते. चाळीस सेकंद झाले, तरी द्रावण नारिंगीच. दोन मिनिटे झाली, तरी तेच. हिरवे व्हायला चार मिनिटे लागली.

सरांनी वही पाहिली आणि खापर माझ्या माथ्यावर फोडले. "अगं, घड्याळ पळतंय तुझं! चाळीस सेकंदांची चार मिनिटं करतंय. फेक ते भंगारात. या आकड्यांवर मी सही करणार नाही."

ताईंचा चेहरा पडला. दोन वर्षांचे काम, आणि कुपीत आता एकाच खेपेपुरते अल्कोहोल उरलेले! मला तर रडूच आले असते, पण स्टॉपवॉचला ती सोय नाही.

काका पुढे आले. "साहेब, बोल लावण्याआधी एकदा ताडून तर बघा."

भिंतीवरचे घड्याळ, सरांचे मनगटी घड्याळ आणि मी, तिघे एकदम सुरू झालो. दहा मिनिटांनी भिंतीवरचे आणि मी अगदी बरोबरीने होतो. सरांचे मात्र पाच सेकंद मागे!

"तरीच साहेब रोज उशिरा येतात," काका म्हणाले. सरसुद्धा खो खो हसले.

मग सर स्वतः शेजारी बसले. ताईंनी उरलेली कुपी रिकामी केली. माझा काटा एक, दोन, तीन फेरे फिरला. चौथा संपता संपता द्रावण हिरवे झाले.

"अगं, खरंच की!" सर ओरडले. "जड हायड्रोजन सुटायला इतका वेळ लागतो, म्हणजे हायड्रोजनचा बंध तुटणं हीच वेळखाऊ पायरी. सापडलं तुला!"

ताई एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. सरांनी तिथेच सही केली.

आता रंग मोजायला यंत्र आले आहे. ताई स्वतःच मोठ्या मॅडम झाल्या आहेत आणि मी त्यांच्या टेबलावर असते. कुणी विद्यार्थी तक्रार घेऊन आला, "मॅडम, यंत्र बिघडलंय, आकडा भलताच येतोय," की त्या मला किल्ली देतात आणि त्याच्या हातात ठेवतात.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, वेळेवर किल्ली द्या, एवढे पुरे. आणि आकडा मनासारखा आला नाही, तर मला भंगारात टाकण्याआधी एकदा पुन्हा मोजा. चार मिनिटेच तर लागतात.