काटा साठवर

सोल्वी गेली त्या दिवशी तिच्या काचेच्या पेटीत होतं ते असं: एक अजगराची मादी, छोट्या जातीची, वजन चौदाशे दहा ग्रॅम, लपायला दोन लाकडी ढोल्या, पाण्याचं एक जड भांडं, नारळाच्या भुशाचा तीन बोटं जाड थर, वर जाळी, जाळीवर दिवा, आणि काचेला आतून चिकटवलेला एक गोल काटा, हवेतला दमटपणा टक्क्यांत दाखवणारा. काटा साठवर होता. पेटीखालच्या कपाटात अकरा रिकाम्या बाटल्या होत्या. मी त्या मोजल्या आणि दार लावून घेतलं.

माझी ही मोठी बहीण नव्वद दिवसांसाठी बिस्मार्कच्या व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाली ती एकाच अटीवर. लेफ्साला काही होता कामा नये. लेफ्सा म्हणजे ती अजगर. नाव आमच्याकडच्या बटाट्याच्या पोळीचं, कारण ती कायम गुंडाळी करून बसलेली.

"तिला काही झालं तर मी त्याच दिवशी बस पकडेन," सोल्वीने बजावलं होतं. "साठच्या खाली जाऊ द्यायचं नाही. काटा उतरला की पाणी मार."

याआधी ती दोनदा तिथून परतली होती. एकदा बाराव्या दिवशी, एकदा तिसाव्या.

दर रविवारी चारला तिचा फोन यायचा. दहा मिनिटं मिळायची, आम्हाला ती पुरून उरायची.

"किती?"

"साठ."

"आणि तू? जेवलीस?"

"सूप."

"डब्यातलं?"

"डब्यातलं."

"अगं, लेफ्सा तुझ्यापेक्षा बरं खाते. तिला निदान आख्खा उंदीर लागतो."

जानेवारीत इथे फार्गोला हीटर दिवसरात्र चालतो. घरातली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. मी सकाळी उठायची, काटा बघायची, फवारे मारायची, काटा साठवर आला की कामावर जायची. संध्याकाळी येऊन कोट न काढताच सूप गरम करायची. दिवस मोजत होते, एवढंच. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं.

शेहेचाळिसाव्या दिवशी लेफ्साचे डोळे दुधाळ निळे झाले. कात टाकायच्या आधी होतात तसे. बावन्नाव्या दिवशी ते परत स्वच्छ झाले. त्यानंतर आठवड्याभरात कात निघायला हवी, नाकापासून शेपटीपर्यंत, मोज्यासारखी उलटी. साठावा दिवस उजाडला तरी निघाली नव्हती. मानेवर कातडी कागदासारखी भेगाळली होती आणि उजव्या डोळ्यावर एक सुरकुती दिसत होती. सापाला पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक टोपी असते, ती कातेबरोबर निघते. राहिली तर पुढची तिच्यावर चढते आणि डोळा जाऊ शकतो.

मी धान्याच्या प्रयोगशाळेत गव्हातला ओलावा मोजते. शेजारच्या टेबलावर ऑर्डेल बक्के असतो, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला सगळं सांगितलं. सँडविच चावत त्याने विचारलं, "काटा तपासलास?"

"कशाने?"

"कशाने म्हणजे? रोज सकाळी यंत्र तपासल्याशिवाय पहिला नमुना लावत नाहीस. गव्हाला एक न्याय आणि बहिणीच्या सापाला दुकानदाराचा शब्द?"

त्या रात्री मी बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घातलं आणि झाकण काट्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केलं. अशा मिठावरच्या हवेत पंचाहत्तर टक्के दमटपणा असतो, कुणाच्याही घरात. दुसऱ्या संध्याकाळी काटा ब्याण्णववर होता. सतरा जास्त. साठ म्हणजे त्रेचाळीस.

रविवारी, त्रेसष्टाव्या दिवशी, चारला फोन वाजला.

"किती?"

साठ म्हणता आलं असतं.

"त्रेचाळीस."

"आज?"

"नऊ आठवडे. तुझा काटा खोटा आहे. मी तपासला नव्हता."

"तू तपासला नव्हतास."

"नाही."

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढली.

"कात?"

"अडकलीय. उजव्या डोळ्यावर सुरकुती आहे."

"चिमट्याने ओढलीस?"

"नाही."

"ओढायचं नाही." मग म्हणाली, "पाचला बस आहे."

"माहीत आहे."

"थांब म्हणणार नाहीस?"

"मी म्हटल्यावर कधी थांबली होतीस?"

ती हसली किंवा खोकली. "लिहून घे, शास्त्रज्ञ बाई. आइस्क्रीमचा मोठा डबा घे. झाकणाला ती शिरेल एवढं भोक. आत सुकं शेवाळ, भिजवून घट्ट पिळलेलं. उबेच्या बाजूला ठेव. आणि जाळी अर्धी झाकून टाक, दमटपणा तिथूनच पळतोय. शेवाळ खालच्या कपाटात आहे." मग तिने विचारलं, "तिथलं मोजलंस ना?"

"अकरा."

"बारा. एक शेवाळाच्या पिशवीमागे आहे. ओतून टाक."

दहा मिनिटं संपली आणि फोन कटला.

बारावी बाटली होती तिथेच होती, सील न तोडलेली. मी ती मोरीत ओतली, मग डब्याला भोक पाडलं. बिस्मार्कची बस साडेआठला येते. स्टँडवर गेले नाही. बाहेरच्या खोलीतला दिवा अकरापर्यंत चालू ठेवला. बेल वाजली नाही. बस चुकली असेल तर पुढची सोमवारी, म्हणून सोमवारीही ठेवला.

बुधवारी लेफ्सा डब्यात शिरली. शुक्रवारी सकाळी बाहेर आली. मी शेवाळ चाळलं, सापडलं ते सगळं ओल्या फडक्यावर पसरलं, फुटपट्टी लावली, भिंग आणलं.

सत्तराव्या दिवशी चारला फोन वाजला. नंबर केंद्राचाच होता.

"किती?"

मी कागदावरून वाचलं.

"दमटपणा, नव्या काट्यावर, मिठावर तपासून, चौसष्ट टक्के. कात चार तुकड्यांत. एकूण लांबी एकशे एकेचाळीस सेंटिमीटर. डोळ्यांवरच्या टोप्या, दोन."