रंगूबाईचा टाका

गुणू झोपली की ब्राह्मी अक्षरं काढायला बसायची. गुणू दहा महिन्यांची होती आणि झोप या गोष्टीवर तिचा फारसा विश्वास नव्हता. सकाळच्या झोपेत एखादा 'क' व्हायचा, दुपारच्या झोपेत त्याचा दांडा सरळ व्हायचा आणि तेवढ्यात पाळण्यातून हाक यायची, की आता बास.

सांगलीतल्या दोन खोल्यांच्या घरात बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी फॉन्ट बनवत होती. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम. जमलं तर नोकरी पुन्हा पक्की. नाही जमलं तर 'तू निवांत बाळाकडे बघ' असं अत्यंत मायेनं कळवायची कंपनीची तयारी होती.

वाकळेच्या, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधडीच्या, टाक्यांवरून फॉन्ट करायचा, ही कल्पना कंपनीतल्या यशराज सरांची. सर मूळचे साताऱ्याकडचे. पुण्यात सहा वर्षं काढल्यावर त्यांना मातीची ओढ लागली होती. "आपल्या आज्ज्यांच्या हातचा फील आला पाहिजे," असं ते प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचे. त्यांची स्वतःची आज्जी मेढ्याकडे होती, पण तिकडे रेंज मिळत नसे.

म्हणून ब्राह्मी गुणूला कडेवर घेऊन, एसटीनं, सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या एका वाडीत रंगूबाईंकडे गेली. आसपासच्या पाच गावांत कुणाच्या घरी पाळणा हलला की जुनी लुगडी रंगूबाईंकडे यायची आणि वाकळ होऊन परत जायची. रंगूबाईची वाकळ म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारायचं नाही. रंगूबाईंनी आयुष्यात कमावलं ते एवढंच, आणि त्यांना ते पुरत होतं.

ब्राह्मी येताच त्यांनी गुणूचा पाय हातात घेतला.

"टाका ह्या अंगठ्याच्या आत पायजे. लांब पडला की लेकराचं बोट अडकतंय. मग ते किरकिरतंय, आन् आईला वाटतंय पोट दुखतंय."

ब्राह्मीनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर खडूनं अक्षरं काढून दिली. रंगूबाईंनी सगळ्यांत आधी वरची रेघ शिवली. आपण ती शेवटी ओढतो, असं ब्राह्मीनं सांगून पाहिलं.

"काठ आधी गं बाय. काठाबिगर आत कुटं शिरतीस?"

चार तासांत त्यांनी बारा अक्षरं उतरवली. टाका टाक्यासारखा, जणू मुंग्यांची रांग. ब्राह्मीनं घरी येऊन ती स्कॅन केली, कंपनीला पाठवली, आणि त्या दिवशी गुणूबरोबर स्वतःही झोपली.

दुसऱ्या दिवशी यशराज सरांचा फोन आला.

"ब्राह्मी, हे मशीनचं वाटतंय."

"सर, हातचं आहे."

"असेल गं. पण वाटत नाही ना. हातचं म्हणजे जरा वेडंवाकडं पाहिजे. त्यांना सांग, थोडं चुकत चुकत शिवा."

ब्राह्मीनं क्रांतीला फोन लावला. क्रांती रंगूबाईंची सून, नवरा फौजेत, घरातला फोन तिच्याकडे. तिनं स्पीकर लावला.

"आत्ती, त्यांना वाकडं पायजे म्हणत्यात."

"वाकडं?" रंगूबाई फोनजवळ सरकल्या. "चाळीस वरसं सरळ शिवाया शिकले, आन् आता वाकडं शिवू? सायबाला सांग, वाकडं पायजे तर तुज्या हातानं शिव. वाकळ लेकरू पांघरतंय, सायेब न्हाई."

फोन बंद झाला.

मग ब्राह्मीनं जे केलं, ते तिनं तिच्या नवऱ्याला, पारसलाही सांगितलं नाही. जिला कधी शर्टाचं बटण नीट लावता आलं नव्हतं, ती पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून सुई घेऊन बसली. आठ दिवसांत सगळी मुळाक्षरं झाली. एकही टाका दुसऱ्याच्या ओळखीचा नव्हता. 'ळ' शिवताना गुणूनं मागून दोरा ओढला, तो तसाच राहिला. मग तिनं ते सगळं स्कॅन करून रंगूबाईंचं म्हणून पाठवून दिलं.

"हेच ते," यशराज सर फोनवर गहिवरले. "या 'ळ'मध्ये तर मला तीन पिढ्यांचं दुःख दिसतंय. फॉन्टचं नाव 'रंगूबाई'. साताऱ्यात लोकार्पण करू आणि आजींचा सत्कार."

खरं सांगायला ब्राह्मीनं तोंड उघडलं, तर गुणू रडली. नंतर सांगू, असं ती तीन आठवडे म्हणत राहिली.

साताऱ्याच्या हॉलमध्ये व्यासपीठामागं मोठा फ्लेक्स होता. त्यावर त्याच टाक्यांच्या दोन-दोन फुटी अक्षरांत 'रंगूबाई'. हातमागाबद्दल अर्धा तास बोलून झाल्यावर पाहुण्यांनी रंगूबाईंच्या खांद्यावर यंत्रावरची शाल घातली. पहिल्या रांगेत वाडीतल्या चार बायका बसल्या होत्या. त्यांतल्या सुलाबाईंच्या नातसुनेला सातवा महिना होता आणि लुगडी पिशवीत घालून त्या बरोबरच घेऊन आल्या होत्या.

रंगूबाई वळल्या. चष्मा लावून फ्लेक्सजवळ गेल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

"ह्यो टाका कुनाचा?"

"तुमचाच की आज्जी," यशराज सर माइकमधून प्रेमानं म्हणाले.

"माजा न्हाई."

"त्या जरा भावुक झाल्यात," सरांनी सभेला समजावलं.

खाली सुलाबाई शेजारणीकडं झुकल्या. "हात गेला गं रंगूचा. आपल्याला कवा बोलली न्हाई." आणि त्यांनी मांडीवरची पिशवी हळूच पायाशी सरकवली.

रंगूबाईंनी ते पाहिलं. शाल त्यांनी खांद्यावरून काढून हातात घेतली.

ब्राह्मीही ती पिशवी पाहत होती. गुणूला कडेवर घेऊन ती उठली आणि माइकपाशी गेली.

"हे टाके माझे आहेत. यात रंगूआज्जींचा एकही नाही. त्यांचे फार सरळ होते, म्हणून कंपनीला आवडले नाहीत." तिनं झोळीतून बारा अक्षरांचा तुकडा काढला आणि तो थेट सुलाबाईंच्या हातात दिला.

सुलाबाईंनी उलटसुलट करून पाहिला. टाक्यावर नख ठेवून पाहिलं. मग पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

"रंगे, श्रावणापातूर दे," त्या वर बघत म्हणाल्या.

"देती की."

यशराज सर अर्धा मिनिट गप्प होते. त्यांच्या आयुष्यातला हा विक्रम असावा. मग त्यांचा चेहरा उजळला. "एका नव्या आईचे टाके," ते माइकमध्ये म्हणाले, "ही तर आणखी मोठी स्टोरी आहे." टाळ्या पडल्या. फॉन्टचं नाव आता 'अंगाई' आहे. ब्राह्मीची नोकरी पक्की की कच्ची, ते कंपनी अजून ठरवते आहे. माया तेवढीच आहे.

फ्लेक्स रंगूबाईंनी मागून घेतला. कडब्याच्या गंजीवर घालायला असलं जाड कापड मिळत नाही म्हणाल्या. क्रांती तो गुंडाळून जीपमध्ये ठेवत असताना ब्राह्मी आत बसलेल्या रंगूबाईंजवळ गेली.

"चुकलं आज्जी."

"वाकडं शिवलंस त्याचं काय न्हाई. पयल्यांदा समद्यांचंच वाकडं पडतंय. पर माज्या नावानं कशाला?"

ब्राह्मीनं गुणूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"आनलंयस का ते तुजं?"

तिनं झोळीतून आपला तुकडा काढला. रंगूबाईंनी तो पाहिला, 'ळ'वर थांबल्या, आणि गुणूला आपल्या मांडीवर घेतलं.

"बस हितं. उसव समदं. मग काठापासनं घाल."

ब्राह्मी जीपच्या पायरीवर बसली. 'ळ'चं टोक तिनं मोकळं केलं आणि गुणूच्या मुठीत दिलं. ओढ, म्हणाली. आजवर गुणूला हे काम कुणी आपणहून दिलं नव्हतं. तिनं एकदा आईकडं, एकदा रंगूबाईंकडं पाहिलं, आणि सगळा जीव लावून दोरा ओढला.