संपादकांना खेळायला बसवलं

‘मोहीम’ बंद होणार असं ‘मोहीम’च्याच अंकात वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. सात वर्षं वर्गणी भरतेय मी! मखमलाबादला झेंडूच्या मळ्यात वाढलेल्या बाईला या खेळाचा नाद कसा लागला ते विचारू नका, लागला एवढं खरं. खेळ असा, की एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कुणी शिपाई, कुणी वैदू, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. मराठीत याच्यावर एवढं एकच मासिक. म्हणायला मासिक, निघायचं तीन महिन्यांनी. तेही बंद? मी तडक इंदिरानगरला संपादकांचं घर गाठलं.

मासिक फार ग्रेट होतं असं नाही हां. ‘वीस बाजूंचा फासा घ्या’ असं बिनधास्त छापायचे. दोन हजार साल उजाडलं तरी नाशकात तो कुठं मिळतो? आम्ही हाउझीचे एक ते वीस आकडे पिशवीत घालून काढायचो. हे छापायला काय जातं? प्रत्येक मोहीम, म्हणजे अंकात खेळायला दिलेली गोष्ट, बर्फात. अहो, आमच्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर! आणि निम्म्या मोहिमा मध्येच अडकायच्या. हे सगळं सुधारता येण्यासारखं होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

संपादक ज्ञानेश, चाळिशीचे, सातपूरच्या कारखान्यात नोकरीला. त्यांनी दार उघडलं आणि मी सुरूच झाले. सगळं ऐकून म्हणाले, “कोण खेळतंय हो आता? सगळ्यांना कॉम्प्युटर हवाय.”

“आम्ही खेळतो. दर रविवारी.”

“खरंच?” ते बघतच राहिले.

“येत्या रविवारी या. तुमची शेवटची मोहीम तुम्हीच चालवा. रंगली तर मासिक चालू ठेवायचं. बोला!”

“रविवारी अंकाचं काम असतं,” ते म्हणाले. “पण आता बंदच करतोय, तर येतो.”

रविवारी ज्ञानेश अंक घेऊन आले, फुलं मार्केटला टाकून माझा भाऊ संतोष आला, शेजारची निकिता आली, आणि आमच्या ओसरीवर डाव मांडला. गडात शिरायचं होतं. दरवाज्यावर पहारेकरी, तो कोडं घालणार, सुटलं तर किल्ली देणार.

“मी दरवाज्याकडं जातच नाय,” संतोष म्हणाला. “गडावर रोज भाजी कोण पोचवतं? त्या बाईला गाठतो. तिच्या बैलगाडीत पाट्यांखाली लपून आत.”

ज्ञानेश अंकाची पानं उलटायला लागले. पुढे, मागे, परत पुढे. “असं यात नाहीये.”

“मग तुम्ही सांगा ना,” निकिता म्हणाली. “भेटते का भाजीवाली?”

मला आतून उकळ्या फुटत होत्या. आता कळेल मोहिमा का अडकतात! तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी अंक खाली ठेवला.

“छायाताई, मी कधी कुणाबरोबर खेळलेलोच नाही. एकटाच दोन्ही बाजूंनी फासे टाकतो. वाटलं, मासिक काढलं की कुणीतरी खेळायला बोलावेल. सात वर्षं कुणी बोलावलं नाही.”

 इतकी भांडायला टपलेली मी, आकड्यांची पिशवी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

“मग आता खेळा की!” संतोषने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. “भाजीवालीचं नाव काय?”

“लंकाबाई,” ते अडखळत म्हणाले.

“लंकाबाई, मला गडावर नेती का?”

“फुकट नाही नेणार,” ज्ञानेश बायकी आवाजात म्हणाले, आणि स्वतःच दचकले. मग जे सुटले! घासाघीस काय, रुसणं काय, संतोषला शिव्या काय. निकिता हसून हसून लोळली. जेवणं थंड झाली तरी कुणी उठेना.

निघताना चपला घालत त्यांनी विचारलं, “पुढच्या रविवारी येऊ?”

“या की! आणि मासिक? ठरलंय आपलं.”

त्यांचा चेहरा पडला. “मला रविवारच मोकळा असतो हो. अंक काढायचा तर तो रविवारीच. एकच काहीतरी होईल. ठरल्याप्रमाणे अंक काढतो मी.”

मला हवं होतं ते मिळत होतं. पण तो माणूस परत घरी एकटा बसणार होता.

“तुम्ही खेळायला या,” मी म्हटलं. “मासिक मी काढते.”

बोलून बसले, आणि मासिक काढतात कसं हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. शब्द मात्र मागे घेतला नाही.