बरकतीचा सदरा

शेख मुतवल्लींच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्ये चटईवर माझी भाची बदीआ तापाने फणफणत पडली होती. शेख तिच्याभोवती धूप फिरवत होते. दुपारी पोरीला दरदरून घाम फुटला, अंग गार पडलं आणि तिने पाणी मागितलं. बायकांनी किलकाऱ्या मारल्या.

"पळाला बघा जिन्न!" शेख ओरडले. "थेट कालव्यापलीकडे!"

मग त्यांनी काठीच्या टोकाने तिचा ओला सदरा उचलला. बऱ्या झालेल्याचा सदरा तसाच शेजाऱ्याच्या अंगात घालायचा, ही त्यांनी घालून दिलेली रीत. धुतला की बरकत गेली! शेजारची वजीदा पोटुशी होती. बदीआच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, नफूसाताईने, तो हौसेने तिला दिला.

मी इथला शाळामास्तर. मला एकच कोडं होतं. शेख ताज्या आजाऱ्याला हात का लावत नाहीत? "आधी जिन्नाला चार-पाच दिवस दमू द्या," म्हणायचे, आणि मोबदल्याचं बदक तेवढं आधीच ठेवून घ्यायचे.

गावाबाहेर तापाचं इस्पितळ होतं. आजोबांच्या काळी पटकीच्या साथीत बांधलेलं. तेव्हा आत गेलेले बहुतेक चादरीतच बाहेर आले. साथ गेली, भीती राहिली. शिवाय तिथे शिरताच कपडे उतरवून उकळतात, डोकं भादरतात. आमच्यात परक्या हातांनी कपडे उतरवतात ते मयताचे. त्यामुळे लोक आजाऱ्याला गच्चीवरच्या कडब्यात लपवायचे, पण तिथे न्यायचे नाहीत.

आठवड्याने बदीआचा ताप उलटला. तेव्हाच वजीदाही तापली, तिचं मूल पोटातच गेलं आणि मागोमाग तीही गेली.

"जिन्न चिडून परत आला! घरात कुणी इस्पितळाचं नाव काढलं?" शेखांनी दरडावलं.

ताई माझ्याकडे बघून फुत्कारली, "तूच, मास्तर! तुझ्या जिभेला हाड नाही."

"ताई, वजीदाच्या घरात कुणी काढलं होतं नाव?"

मी इस्पितळाच्या डॉक्टर वासिफना घेऊन शेखांच्या अंगणात गेलो. ताई पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. नुकत्याच घाम फुटलेल्या एका गड्याचा सदरा काठीवर लटकत होता.

"हा ताप पाचव्या-सहाव्या दिवशी आपोआप उतरतो," डॉक्टर म्हणाले, "आणि आठवड्याने परत येतो. माझ्याकडच्यांचाही असाच उतरतो, धुपाशिवाय. शेखसाहेब फक्त दिवस मोजतात."

"काफिरासारखं बोलू नका!" शेख गरजले. "सदऱ्यात बरकत आहे."

डॉक्टरांनी पांढरी चादर अंथरली आणि सदऱ्याची शिवण पेटत्या स्टोव्हजवळ धरली. शिवणीतून उवा चादरीवर उतरू लागल्या. बायका मागे सरल्या.

"ताप एकाकडून दुसऱ्याकडे नेतात त्या या. आता शेखसाहेब, ही बरकत तुम्हीच अंगात घाला."

"मी पाक माणूस. मला काय गरज?" शेख दोन पावलं हटले.

ताई पोरीला माझ्याकडे देऊन उठली. त्यांच्याजवळ गेली, थबकली आणि त्यांचा झगा नाकाशी धरला.

"अत्तराखाली रॉकेल!" ती किंचाळली. "शिवणीत रॉकेल चोळलंय मेल्याने! उवा मरतात त्याने! तुला ठाऊक होतं! म्हणून काठीने उचलत होतास! आणि मी माझ्या हाताने वजीदाला..."

शेख मागच्या दाराने निघाले, पण गड्यांनी त्यांना धरलं आणि ठाणेदाराच्या हवाली केलं.

बदीआला आम्ही इस्पितळात नेलं. सुई टोचली, ती वाचली. फाटकाशी मात्र बाकीच्या बायका आपापले आजारी घेऊन थिजल्या होत्या. ताईने ओढणी काढली आणि न्हाव्यापुढे मान वाकवली. तिचे लांबसडक केस मातीत पडले.

"बघा, मी मेले नाही," ती म्हणाली. "मेली ती वजीदा. या आत."

एकेक करून त्या आत गेल्या. वजीदाचा नवरा शेवटपर्यंत बाहेर उभा राहिला.

बाबांनो, ताप उतरला म्हणून उतरवणारा कुणी होताच असं समजू नका. जे कुणी स्वतःच्या अंगात घालत नाही ते तुमच्या अंगात का घालतो, एवढं आधी विचारा. वजीदासाठी ते कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.