डाव्या टोकाचा दोरा

चिमणीला दोघींनी धरून मागच्या दाराने दवाखान्यात नेलं, तेव्हा तिच्या टोपलीत जेमतेम साठ कॉलरी शिवून पडल्या होत्या. हव्या होत्या शंभर. तीनला साहेब मोजायला येणार. टोपली भरलेली असली की बाई घरी गेली तरी त्यांचं काही म्हणणं नसे. पण महिन्यात तिसऱ्यांदा उणी निघाली, की मशीन दुसरीला. चिमणीची दोनदा निघाली होती. पोटात सहावा महिना, नवरा परागंदा. या मशीनशिवाय तिला होतं काय?

शिवणघरातली सगळ्यांत जुनी बाई म्हणजे मावशी. ती शेजारणीच्या कानाशी लागली. "भर घालायची. एकेक. पुढे सांग."

भर म्हणजे शिवणघरातल्या एक्केचाळीस बायकांचं गुपित. कुणी आजारी पडली, कुणाची लेक तापाने फणफणली, की प्रत्येकीने आपली एक कॉलर तिच्या टोपलीत टाकायची. कुणी मागायची नाही, कुणी फेडायची नाही. मावशीच्या बाळंतपणात तिच्याही टोपलीत पडली होती. त्याला तीस वर्षं झाली.

पण चिमणी पडली डावखुरी. तिच्या कॉलरीचा दोरा डाव्या टोकाला सुटायचा, बाकी सगळ्यांचा उजव्या. आणि साहेबांची नजर घारीची. म्हणून मावशीने उभं राहून आपल्या डाव्या खांद्यावर दोनदा थाप मारली. दोरा इकडे सोडा. मशिनींच्या खडखडाटात बोलणं कुणाला ऐकू जाणार? तिच्या रांगेला बरोबर कळलं. समोरच्या रांगेचं तोंड तिच्याकडे. त्यांना तो हात आपल्या उजवीकडे दिसला. नेहमीसारखंच शिवायचं, असं समजून त्या कामाला लागल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं.

तीनला साहेबांनी टोपली उपडी केली. शंभर भरल्या. मग त्यांनी उजव्या दोऱ्याच्या वीस वेगळ्या काढल्या.

"या कुणाच्या?"

मशिनी थांबल्या.

"नावं सांगा. नाहीतर समोरची अख्खी रांग घरी."

मावशीच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याची औषधं हिच्या मशीनवर. वाटलं, गप्प बसावं. थाप कुणी मारली हे यांना कुठे ठाऊक आहे? मग त्या वाटण्याचीच तिला लाज वाटली.

"माझ्या," ती म्हणाली.

"वीसच्या वीस?"

"हो."

साहेबांनी तिच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "मावशी, स्वतःच्या शंभर करता करता तुमचा जीव जातो. का खोटं बोलता?"

"शिवण बघा, साहेब. कुठे टाका चुकलाय? माल खरा आहे. लबाडी झाली ती माझी. चिमणीची टोपली भरली म्हणून लिहा."

साहेबांनी तसं लिहिलं. मग पान उलटून मावशीच्या नावावर रेघ मारली. "काय करू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

समोरच्या रांगेतली एक उठायला लागली. तिला तीन मुली. मावशीने डोळ्यांनीच तिला खाली बसवलं. मशिनी पुन्हा सुरू झाल्या. मावशीला रडू फुटलं, ते तिने जिन्यातच उरकून घेतलं.

दवाखान्यात चिमणी खाटेवर निपचित पडली होती. मूल वाचलं होतं.

"मावशी, महिनाभर हलायचं नाही म्हणतात. उद्याचं कसं?"

"घालतील गं त्या भर." घालतील का, घालू देतील का, मावशीला काही सांगता आलं नसतं.

"आजच्या झाल्या माझ्या?"

"झाल्या. पुऱ्या शंभर."

चिमणीने डोळे मिटले. मग आठवल्यासारखं विचारलं, "आणि तुमच्या?"

मावशीने तिचं पांघरूण पायांपर्यंत नीट ओढलं.

"माझ्याही झाल्या," ती म्हणाली.